‘तुझंच आलंय तिच्यात’

प्रश्न : मी 34 वर्षांची आहे. कर्वेनगरला सासू, नवरा आणि मुलीबरोबर राहते. हिंजवडीत नोकरी आहे आणि आठवड्यातून तीन-चार रात्री अमेरिकेतल्या टीमबरोबर अकरापर्यंत कॉल असतो. पण कॉल नसला तरी दीड-दोनच्या आधी मला झोप येत नाही. कॉलेजपासून हे असंच आहे. माझे बाबाही रात्री दोनपर्यंत वाचत बसायचे. सासूबाई 66 वर्षांच्या. त्या सव्वाचारला उठतात आणि साडेपाचला मी स्वयंपाकघरात दिसावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी उठते, पण दिवसभर डोकं जड राहतं. मग रविवारी दहापर्यंत झोपते आणि त्यावरून सोमवारपर्यंत घर धुमसतं. त्या स्वतः रात्री साडेआठलाच टीव्हीसमोर पेंगतात, ते मात्र कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आता पाच वर्षांची मुलगीही अकरापर्यंत जागी असते आणि सकाळी सातच्या व्हॅनला रडारड करते. परवा पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, ‘तुझंच आलंय तिच्यात.’ नवरा म्हणतो, सगळा दोष मोबाइलचा. हे खरंच रक्तात असतं का? ऑनलाइन जनुकीय चाचणी मिळते, ती करून घेऊ का? रिपोर्ट समोर ठेवला तर निदान हा विषय तरी बंद होईल. (नाव छापू नये.)

उत्तर : चाचणी करू नका. कारण पुढे सांगते, पण रिपोर्ट दाखवल्याने घरातला विषय बंद झाल्याचं कधी पाहिलंय का? साखर वाढल्याचा रिपोर्ट टेबलावर असतानाही माणसं श्रीखंडाची दुसरी वाटी घेतात.

रक्तात असतं का, याचं उत्तर मात्र ‘हो’ आहे. आणि ते जितकं तुम्हाला लागू आहे, तितकंच सासूबाईंनाही.

1988 मध्ये अमेरिकेत मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर या दोघांनी एका हॅमस्टरची हकिकत प्रसिद्ध केली. हॅमस्टर हा उंदराच्या नात्यातला, गुबगुबीत, रात्री हिंडणारा प्राणी. पिंजऱ्यात चक्र ठेवलेलं असतं. त्याची ‘सकाळ’ झाली की तो त्यावर चढतो आणि धावत सुटतो. चक्र फिरलं की कागदावर काळी रेघ उमटते. एका दिवसाची एक ओळ, दुसऱ्या दिवसाची त्याच्या खाली. खोलीत कायम अंधार ठेवला, दिवस-रात्र कळायची काही सोयच ठेवली नाही, तरी नेहमीचा हॅमस्टर साधारण चोवीस तासांनीच चक्रावर चढतो आणि काळे पट्टे एकाखाली एक जमत जातात. नेहमीच्या खेपेत आलेल्या एका हॅमस्टरचे पट्टे मात्र रोज डावीकडे सरकत होते. आज सातला, उद्या पाचला, परवा तीनला. त्याचा दिवसच 22 तासांचा होता. त्याची प्रजा वाढवली तेव्हा कळलं की हे वारशाने चालत जातं. ज्या पिल्लांना हा बदल आई आणि बाप दोघांकडून मिळाला, त्यांचा दिवस तर 20 तासांचाच.

याच गटाने 1990 मध्ये केलेला प्रयोग मला त्याहून भारी वाटतो. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर पेशींचे दोन बारीक पुंजके असतात. उंदरात दोन्ही मिळून वीसेक हजार पेशी. ते पुंजके नष्ट केले की प्राण्याचा दिवस विस्कटतो. कधीही धावतो, कधीही झोपतो. अशा हॅमस्टरच्या मेंदूत त्यांनी 20 तासांच्या वाणाच्या गर्भातल्या पुंजक्याचं कलम केलं. लय परत आली, पण 20 तासांची. साध्या वाणाचं कलम केलं तेव्हा 24 तासांची. शरीर एकाचं आणि दिवस दुसऱ्याचा. लहानपणी आई किती वाजता उठवायची, घरात शिस्त होती की नव्हती, यातलं काहीही त्या कलमाबरोबर गेलं नव्हतं.

(फळमाश्यांमध्ये अशी जनुकं असतात हे रॉन कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी 1971 मध्येच दाखवलं होतं. त्या वाटेने पुढे गेलेल्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. पण माश्यांना सासू नसते, म्हणून मी सस्तन प्राण्यांवरच थांबते.)

हे घड्याळ पेशीच्या आत चालतं कसं? तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंप सुरू होतो, पाणी चढतं, टाकी भरली की वॉचमन पंप बंद करतो. मग घराघरातले नळ चालतात, पातळी उतरते आणि पंप पुन्हा सुरू. पेशीत ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-1’ ही प्रथिनांची जोडी पंपाचं काम करते. ती ‘पिरियड’ आणि ‘क्रिप्टोक्रोम’ या जनुकांना कामाला लावते. त्यांची प्रथिनं तयार होत जातात, साचतात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि ज्या जोडीने त्यांना जन्माला घातलं तिलाच वॉचमनसारखी थांबवतात. मग ती हळूहळू मोडीत निघतात, जोडी मोकळी होते आणि फेरा पुन्हा सुरू. या सगळ्याला साधारण चोवीस तास लागतात. त्यातलं ‘क्लॉक’ हे जनुक जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाला उंदरात सापडलं, 1994 मध्ये.

आता नळ जरा जास्त सोडला तर टाकी लवकर रिकामी होणार आणि फेरा लवकर संपणार. त्या हॅमस्टरमध्ये नेमकं हेच झालं होतं. पिरियड प्रथिनावर ‘मोडीत काढा’ अशी खूण करणारं केसीन कायनेज नावाचं एक विकर असतं. हॅमस्टरमधला बदल या विकराच्या जनुकात आहे, हे 2000 मध्ये उलगडलं. उलट, वॉचमनच पंपाच्या बटणावरून हात काढेना, तर फेरा लांबणार. क्रिप्टोक्रोमची दोन जनुकं आहेत. 1999 मध्ये उंदरांत पहिलं काढून पाहिलं तर दिवस आखूड झाला, दुसरं काढलं तर लांबला आणि दोन्ही काढली तर अंधारात लयच राहिली नाही.

माणसांकडे येते. अमेरिकेतल्या यूटा राज्यात काही घराणी अशी सापडली की त्यातली माणसं संध्याकाळी साडेसातला झोपायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी व्हायची. पिढ्यान्‌पिढ्या. मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी. 1999 मध्ये याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि 2001 मध्ये एका घराण्यात कारण सापडलं : पिरियड-2 जनुकात एका अक्षराचा फरक. त्याने ते प्रथिन लवकर मोडीत निघतं. ही माणसं काही तपस्वी नव्हती. संध्याकाळी मित्रांबरोबर बसता येत नाही, नाटक बघता येत नाही, ही त्यांची तक्रार होती.

तुमच्या बाजूचं उदाहरण 2017 चं. अलिना पात्के आणि मायकेल यंग यांच्या गटाला क्रिप्टोक्रोम-1 मध्ये असा एक बदल सापडला की त्यामुळे वॉचमनचा हात बटणावर जास्त वेळ राहतो. अशा माणसांची रात्र उशिरा सुरू होते, मुलं, भावंडं, चुलत्यांसकट. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 75 मागे एकाकडे हा बदल असावा, असा त्यांचा अंदाज होता.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. सासूबाई साडेआठला टीव्हीसमोर पेंगतात. अहो, पहाटे सव्वाचारला उठणं आणि रात्री साडेआठला पेंगणं ही एकच गोष्ट आहे! त्यांचं घड्याळ अलीकडे लागलंय, तुमचं पलीकडे. त्यात वयाचाही भाग आहे. विशीच्या आसपास माणूस सगळ्यात उशिरा झोपणारा असतो, नंतर वर्षागणिक तो अलीकडे सरकत जातो. फरक इतकाच की आपल्याकडे अलीकडच्या घड्याळाला सात्त्विक म्हणतात आणि पलीकडच्याला आळशी. त्यांचं पहाटे उठणं हे जेवढं त्यांचं पुण्य, तेवढंच तुमचं उशिरा झोपणं हे तुमचं पाप. दोन्ही फारसं नाही. पण हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नका. माझ्याकडे रागाची पत्रं आधीच पुरेशी येतात.

आता चाचणी का नको ते सांगते. वर दिलेले बदल ठळक आहेत म्हणूनच दुर्मीळ आहेत. तुमच्यासारख्या, माझ्यासारख्या बहुतेकांच्या बाबतीत एकच एक दोषी जनुक नसतं. 2019 मध्ये जवळजवळ सात लाख माणसांची माहिती तपासली गेली. सकाळचा माणूस की रात्रीचा, याच्याशी जोडलेल्या 351 जागा जनुकसंचात सापडल्या. त्यातल्या ‘सकाळवाल्या’ खुणा सगळ्यात जास्त असलेले पाच टक्के लोक आणि सगळ्यात कमी असलेले पाच टक्के लोक यांच्या झोपेच्या वेळेत फरक किती निघाला? सरासरी 25 मिनिटं. तुमचं आणि सासूबाईंचं भांडण पाच तासांचं आहे. शिवाय तो अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा. त्यावर बेतलेला रंगीत रिपोर्ट कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात काय सिद्ध करणार? आणि समजा ‘रात्रीचा माणूस’ असं छापून आलंच, तर सासूबाई म्हणतील, बघा, मी म्हणतच होते, हिचंच आलंय.

मग उरलेले साडेचार तास कुठून आले? बहुतांशी उजेडातून, आणि इथे तुमचा नवरा थोडा बरोबर आहे.

माणसाचं आतलं घड्याळ सरासरी 24 तास 11 मिनिटांचं आहे, असं 1999 मध्ये हार्वर्डच्या गटाने मोजलं. म्हणजे बहुतेकांना ते रोज थोडं मागे ओढावं लागतं, आणि ते काम करतो सकाळचा उजेड. डोळ्यांच्या पडद्यात अशा काही पेशी असतात की त्यांचं मुख्य काम बघणं नसून उजेड किती आहे हे त्या दोन पुंजक्यांना कळवणं असतं. सकाळी उजेड पोचला की घड्याळ अलीकडे सरकतं, रात्री पोचला की पलीकडे. 2013 मध्ये कोलोरॅडोत आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. टॉर्च नाही, फोन नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. त्यांची घड्याळं सुमारे दोन तास अलीकडे आली, आणि जे मुळात उशिरा झोपणारे होते ते जास्त सरकले. जनुकं तीच होती.

तुमच्या दिवसात उजेड चुकीच्या वेळी आहे. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट आणि लॅपटॉप. सकाळी साडेपाचला पुन्हा ट्यूबलाइट. त्यातली साडेपाचची गोम नीट समजून घ्या. तुम्ही रविवारी दहाला आपसूक उठता. म्हणजे तुमच्या शरीराची खोल रात्र, अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं ती वेळ, सकाळी सात-साडेसातच्या आसपास येते. त्याच्या आधी मिळालेला उजेड शरीराला ‘संध्याकाळ लांबली’ असाच वाटतो आणि घड्याळ आणखी पुढे ढकलतो. त्यात आपलं मनगटावरचं घड्याळ मिर्झापूरच्या बाजूच्या रेखांशावर लावलेलं. पुण्यात सूर्य त्याच्या 35 मिनिटं मागे असतो. म्हणजे तुमचं साडेपाच हे सूर्याच्या हिशेबाने पाचलाही पाच मिनिटं कमी. जानेवारीत तर आपल्याकडे सात वाजून गेल्यावरच सूर्य दिसतो. थोडक्यात, साडेपाचला उठण्याची शिक्षा भोगूनही तुम्ही सुधारत नाही आहात, उलट बिघडता आहात.

म्हणून पहिले दोन आठवडे रोज साडेसातला उठा आणि तडक बाहेर पडा. गॅलरीत चहा घेऊन बसलात तरी चालेल, पण म्हातोबाच्या टेकडीकडे अर्धा तास चालून आलात तर उत्तम. घरातल्या ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर ढगाळ सकाळीही काही हजार. गॉगल नको. मग दर तीन दिवसांनी गजर पंधरा मिनिटं अलीकडे घ्या आणि साडेसहावर थांबा. साडेपाचचं लक्ष्य ठेवूच नका, ते तुमचं नाही. रात्री नऊनंतर हॉलमधली पांढरी ट्यूब बंद आणि कोपऱ्यात एक पिवळा दिवा सुरू. कॉलवर कॅमेरा लागत नसेल तर स्क्रीन मंद करा, आणि आठवड्यातले दोन कॉल तरी तिकडच्यांना त्यांच्या रात्री घ्यायला सांगा. त्यांनाही घड्याळं आहेत.

जेवण साडेआठच्या आत. हे पथ्य म्हणून सांगत नाहीये. यकृतासकट जवळपास प्रत्येक अवयवात हीच टाकी-पंपाची यंत्रणा स्वतंत्रपणे चालू असते, आणि यकृत उजेडापेक्षा जेवणाचं जास्त ऐकतं. उंदीर रात्री खातात. 2000 च्या सुमारास त्यांना फक्त दिवसा खायला देऊन पाहिलं, तर यकृताचं घड्याळ उलटं झालं आणि मेंदूतलं जिथल्या तिथे राहिलं. कॉल संपल्यावर अकराला पोळी-भाजी खाणं म्हणजे ही फारकत रोज घरी करणं. मेलॅटोनिन या झोपेचा सांगावा देणाऱ्या संप्रेरकाची गोळी मनाने सुरू करू नका, वेळ चुकली तर ती उलटं काम करते. दोन महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा त्याबरोबर मन सतत खचलेलं वाटत असेल, तर झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांना भेटा.

मुलीबद्दल. तिची निम्मी जनुकं तुमची, निम्मी तिच्या वडिलांची, म्हणजे साधारण पाव हिस्सा सासूबाईंचाही आलाच. त्यामुळे ‘तुझंच आलंय’ हे हिशेबात बसत नाही. आणि पाच वर्षांची मुलं सहसा सकाळचीच असतात. ती अकरापर्यंत जागते यात मला तुमच्या जनुकांपेक्षा तुमच्या ट्यूबलाइटचा संशय जास्त येतो. तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांवर कोलोरॅडोतच एक छोटा प्रयोग झाला. झोपेआधी तासभर त्यांना झगझगीत उजेडात खेळवलं. मेलॅटोनिन सरासरी 88 टक्क्यांनी घटलं, आणि उजेड बंद केल्यावरही बहुतेकांचं लवकर वर आलं नाही. लहान मुलांच्या डोळ्यांची भिंगं स्वच्छ आणि बाहुल्या मोठ्या असतात, मोठ्यांपेक्षा त्यांच्या डोळ्यांत उजेड जास्त शिरतो. तुम्ही हॉलमध्ये कॉलवर आणि ती शेजारी चित्रं रंगवत बसलेली, असं काहीसं असणार. साडेसातनंतर तिला त्या ट्यूबखाली ठेवू नका. साडेआठला ती आजीजवळ झोपू दे. दोघींची वेळ जुळतेच आहे!

सासूबाईंशी बोलायचं तर जनुकांवरून नको, कामांवरून बोला. विरजण लावणं, डाळ-तांदूळ भिजत घालणं, भाजी चिरून ठेवणं, ओटा आवरणं, मुलीचा गणवेश आणि पाण्याची बाटली, हे सगळं रात्रीचं तुमच्याकडे घ्या. त्या वेळी त्यांना डोळे उघडे ठेवणंही जड जात असतं. दूध, चहा आणि डबा त्यांच्याकडे. त्यांना संध्याकाळी कुठल्या कार्यक्रमाला जागं राहता येत नाही याची खंत असेल, तर साडेपाच-सहाच्या उन्हात रोज चालायला पाठवा. संध्याकाळचा उजेड त्यांचं घड्याळ थोडं पलीकडे ढकलेल. आणि सातची व्हॅन पहिले दोन आठवडे नवऱ्याकडे. मोबाइलवर मत द्यायला त्याला वेळ होता, तर एवढाही निघेल.

चाचणीचे पैसे वाचलेच आहेत, त्यातून तो पिवळा दिवा घ्या. आणि रविवारी दहापर्यंत झोपणं मात्र बंद. आठवडाभर मागे ओढलेलं घड्याळ त्या एका सकाळी पुन्हा पुढे जातं. फार तर तासभर जास्त, साडेसातपर्यंत. या एका बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे.